तुंबलेली न्हाणी आणि नाली: कोणतं अवजार कुठे चालवायचं

पाणी तुंबलं की पहिला हात सळईकडे जातो. जाळी उचलायची, सळई खुपसायची आणि पाणी एकदम खाली गेलं की काम झालं असं समजायचं. चार दिवसांनी तीच न्हाणी पुन्हा भरते, कारण आतला गोळा बाहेर आलेलाच नसतो. तो हातभर पुढे सरकून बेंडमध्ये बसलेला असतो आणि तिथपर्यंत आता सळई पोचत नाही. म्हणून अवजार उचलण्याआधी दोन गोष्टी पाहायच्या: अडलंय कुठे आणि अडलंय काय. अवजार त्यावरून ठरतं. आणि जिथे जमेल तिथे घाण मागे ओढून बाहेर काढायची, पुढे ढकलायची नाही.

आधी जागा शोधा

ओट्याचं सिंक भरतंय पण न्हाणीतलं पाणी नीट जातंय, तर दोष सिंकखालच्या ट्रॅपमध्ये (वास अडवायला थोडं पाणी धरून ठेवणारा भाग) किंवा त्याच्या पाईपात आहे. सिंक आणि न्हाणी दोन्ही सुस्त झाली असतील, तर त्यांचे पाईप जिथे एकत्र येतात तिथून पुढे पाहायचं. संडासात पाणी टाकल्यावर न्हाणीच्या जाळीतून गुडगुड आवाज येत असेल, तर दोन्ही एकाच लाईनवर आहेत आणि ती लाईन पुढे कुठेतरी धरलेली आहे.

मग घराबाहेरचं चेंबर उघडा. झाकणाखाली बोटं घालू नका. सब्बलीने एक कड उचला, बाजूला सरकवा आणि क्षणभर थांबा. ओलाव्याला विंचू, बेडूक येतात, बेडकामागे साप येतो, आणि पावसाळ्यात तर हमखास. चेंबर रिकामं असेल तर अडथळा घर आणि चेंबर यांच्या मध्ये आहे. भरलेलं असेल तर पुढे, नालीकडे किंवा शोषखड्ड्याकडे आहे. दोन-तीन चेंबर असतील तर काम आणखी सोपं: शेवटचं भरलेलं आणि पहिलं रिकामं यांच्या मधल्या तुकड्यातच अडलेलं असतं.

एकच चेंबर आहे, लाईन लांब आहे आणि पाणी हळूहळू का होईना पण उतरतंय, तर बकेटने अंदाज घेता येतो. रात्रभर पाणी न वापरता लाईन रिकामी होऊ द्या. सकाळी मापाच्या बकेटने भराभर पाणी ओता आणि ते जाळीशी येईपर्यंत किती लिटर गेलं ते मोजा. अडीच इंची म्हणजे 75 मिमीच्या पाईपात एका मीटरमागे 4 लिटरच्या जरा आत पाणी मावतं, चार इंची म्हणजे 110 मिमीच्या पाईपात साधारण 8 ते साडेआठ लिटर. अडीच इंची पाईपात 12 लिटर गेलं आणि पाणी वर आलं, तर अडथळा तीन मीटरच्या आसपास आहे. थोडं पाणी दरम्यान झिरपून जातं, त्यामुळे हा ढोबळ आकडा धरा. तरी अंगण कुठे खोदायचं किंवा किती लांबीची स्प्रिंग (पाईपात फिरवत सारायची लांब, लवचीक तारेची गुंडाळी) आणायची, हे ठरवायला तो पुरतो.

काय अडलंय

स्वयंपाकघराच्या पाईपात तेल, पीठ, भाताची शितं, चहापत्ती आणि राख असते. राखेने भांडी लख्ख निघतात, पण पाईपात ती तेलाला धरून खाली बसते आणि कालांतराने सिमेंटसारखी घट्ट होते. हा थर कोणत्याही पावडरने विरघळत नाही, तो खरवडूनच काढावा लागतो.

न्हाणीत केस आणि साबण. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी जड असेल तर साबण त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी मिळून पांढरट, न विरघळणारा साका तयार होतो. तो केसांच्या गुंत्यावर चढत जातो. त्यामुळे अशा गावांत न्हाण्या लवकर तुंबतात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या त्या भागात, हा त्रास ओळखीचा आहे. याशिवाय शॅम्पूच्या पुड्या, साबणाची उरलेली पातळ वडी, गुटख्याचे कागद. पुडी पाईपात आडवी बसली की पडद्यासारखी पाणी धरते आणि रबरी वाटीच्या पंपाने हलत नाही. तिला आकड्यानेच ओढावं लागतं.

बाहेरच्या लाईनीत माती, पालापाचोळा आणि मुळं. लाईनीजवळ कडुनिंब किंवा पिंपळ असेल आणि पाईप जुना सिमेंटचा असेल, तर सांध्यातून मुळं आत शिरलेली असण्याची शक्यता मोठी.

न्हाणी: जाळी, काटेरी पट्टी, मग पंप

रबरी हातमोजे घाला. हाताला कापलेलं असेल तर हे काम दुसऱ्याला सांगा, कारण नालीच्या पाण्यात उंदराचं मूत असतं आणि जखमेतून लेप्टोसारखा आजार होऊ शकतो.

जाळी काढली की खाली नहाणी ट्रॅप असतो, वाटीसारखा भाग ज्यात कायम थोडं पाणी उभं राहतं. ते पाणी वास आणि झुरळं अडवतं, म्हणून ट्रॅप फोडून किंवा काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नका. आतला कप निघणारा असेल तर तो वर उचलून घासा. बऱ्याच वेळा सगळी घाण त्याच्याभोवतीच असते आणि काम तिथेच संपतं.

कपाच्या पुढे केस असतील तर प्लॅस्टिकची काटेरी पट्टी वापरा. ती हार्डवेअरच्या दुकानात मिळते, साधारण दीड-दोन फूट लांब असते आणि दोन्ही कडांना उलटे काटे असतात. सावकाश आत सारा, अर्धा फेरा फिरवा आणि हळूच ओढा. झटका दिला की काटे तुटतात आणि तुकडा आत राहतो. पट्टी मिळाली नाही तर 12 गेजची जीआय तार चालते. टोकाला अर्ध्या इंचाचा आकडा वळवा आणि तारेचं टोक आतल्या बाजूला दाबून टाका, नाहीतर पीव्हीसीच्या बेंडला ओरखडे पडतात आणि पुढे त्याच ओरखड्यात केस अडकत राहतात. सळई मात्र वापरू नका. ती वळत नाही, आणि वळत नाही म्हणून बेंडची भिंत फोडते. फरशीखाली फुटलेल्या बेंडचं पाणी पायव्यात मुरतं आणि ते कळेपर्यंत भिंतीला ओल चढलेली असते.

केस निघूनही पाणी उभं राहत असेल तर रबरी वाटीचा पंप. दुकानात दोन प्रकार असतात. साधी पसरट वाटी न्हाणी आणि सिंकसाठी. वाटीच्या आतून आणखी एक नळीसारखी झालर खाली आलेली असेल तर तो संडासाचा. दोन्ही कामांना एकच पंप घरात ठेवू नका.

पंप चालत नाही अशी तक्रार असते तिथे बहुतेक वेळा हवा हे कारण असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. म्हणून वाटी पूर्ण बुडेल इतकं, किमान चार बोटं पाणी जागेवर हवं. वाटी तिरपी करून पाण्यात घाला म्हणजे आतली हवा निघून जाईल, मग सरळ बसवा. त्याच ट्रॅपला वॉश बेसिनचा पाईप जोडलेला असेल तर तिकडचं तोंड ओल्या फडक्याचा बोळा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घट्ट बंद करा. तसं न केल्यास तुमचा सगळा जोर बेसिनमधून वर निघून जातो. सिंकला वरच्या अंगाला जादा पाणी जाण्याचं भोक असेल तर तेही ओल्या फडक्याने दाबून धरा.

पहिले दोन-तीन दाब हळू द्या. नंतर पंधरा-वीस वेळा लयीत वरखाली करा, पण जोर वर ओढण्यावर ठेवा. ओढल्याने गुंता सुटतो आणि मागे येतो, नुसतं दाबल्याने तो आणखी घट्ट बसतो. शेवटी पंप झटक्यात उचला. वर आलेली घाण लगेच काढून टोपल्यात टाका, परत आत जाऊ देऊ नका. खडबडीत शहाबादी फरशीवर वाटी नीट बसत नाही आणि कडेने हवा मारते. अशा ठिकाणी ओल्या फडक्याचा पिळा करून भोकाभोवती गोल ठेवा आणि त्यावर वाटी दाबा.

ओट्याचं सिंक

इथे पंपाच्या आधी पाना. सिंकखाली बकेट ठेवा. बॉटल ट्रॅप असेल तर त्याची खालची वाटी हाताने डावीकडे फिरवून उघडते. घट्ट असेल तर फडकं गुंडाळून पाना लावा, नुसता पाना लावला की प्लॅस्टिकचे आटे जातात. वाटी काढताना रबरी वॉशर कोणत्या बाजूने बसला होता ते नीट पाहून ठेवा. घाण धुवा, वॉशर पुसा, आटे सरळ धरून हातानेच आवळा. मग खाली कोरडा कागद पसरून एक तांब्या पाणी सोडा; कागदावर थेंब दिसला तर वॉशर वाकडा बसलाय.

बऱ्याच घरी ट्रॅप नसतो, नालीदार लवचीक वेस्ट पाईप सरळ भिंतीत गेलेला असतो. त्याच्या प्रत्येक वळीत तेल बसतं आणि मध्ये झोळ पडला असेल तर तिथे शितं साठतात. तो साफ करण्यात वेळ घालवू नका, नवीन लावा आणि झोळ न पडेल इतकाच लांब कापा.

पाईपात नुसतं तेल थिजलं असेल, विशेषतः थंडीत, तर गरम पाणी उपयोगी पडतं. मात्र उकळतं पाणी ओतू नका, पीव्हीसी मऊ पडून सांधे ढिले होतात. उकळतं पाणी आणि साधं पाणी निम्मं-निम्मं मिसळलं की साधारण 60 अंशांच्या आसपास येतं, तेवढं पुरतं. 5 लिटरमध्ये दोन चमचे धुण्याचा सोडा घाला आणि एका धारेत ओता. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकण्याचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात, फेस दिसतो, पाईपातला गोळा जागेवरच राहतो.

स्प्रिंग

अडथळा ट्रॅपच्या पुढे, पंपाने न हलणारा असेल तर ड्रेन स्प्रिंग. सिंकच्या बारीक पाईपाला 6 मिमी जाडीची, अडीच इंची लाईनीला 9-10 मिमीची. बारीक स्प्रिंग मोठ्या पाईपात घातली तर ती आतच वेटोळं घालून अडकते, आणि मग स्प्रिंग काढण्यासाठी पाईप कापावा लागतो. 5 मीटरची लांबी बहुतेक घरांना पुरते. गावात दोन-चार घरांनी मिळून एक चांगली स्प्रिंग घेतली तरी चालेल, ती वर्षानुवर्षं टिकते.

मुठीचा स्क्रू भोकापासून वीतभर अंतरावर आवळा, त्याहून लांब धरला की स्प्रिंग बाहेरच पिळली जाते. उजवीकडे फिरवत आत सारा. वीतभर गेली की स्क्रू सैल करून मूठ मागे घ्या आणि पुन्हा आवळा. दुसऱ्या माणसाने मागची गुंडाळी सरळ धरावी. अडली की हाताला फरक कळतो: बेंड कडक लागतो आणि फिरवत राहिलं की स्प्रिंग पुढे निसटते, घाण लिबलिबीत लागते आणि स्प्रिंग मागे ढकलते. घाण लागली की पुढे रेटू नका. जागेवरच दहा-पंधरा फेरे द्या म्हणजे टोक तिच्यात रुतेल. मग उजवीकडेच फिरवत मागे ओढा. उलटं फिरवलं तर पकडलेला गोळा आतच सुटतो, आणि बहुतेकांची चूक इथेच होते.

बाहेर काढण्याआधी भोकाच्या तोंडाशी स्प्रिंगला दोरा बांधा. बाहेर आल्यावर टोकापासून दोऱ्यापर्यंत मापा, अडथळ्याचं अचूक अंतर हाती येतं. तेच अंतर भिंतीवर खडूने लिहून ठेवा. दर वेळी तिथेच अडत असेल तर पाईपात दोष आहे, सफाईत नाही. काम झाल्यावर स्प्रिंग धुऊन उन्हात वाळवा आणि तेलाचा हात फिरवा.

चेंबर ते चेंबर: बांबूची कामटी

चार इंची सरळ लाईनीला बांबूच्या कामटीइतकं चांगलं आणि स्वस्त अवजार नाही, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांबूमुळे ती आपल्याकडे सहज मिळते. बुरडाकडून ओल्या बांबूची, 10-12 फूट लांब आणि इंचभर रुंद कामटी काढून घ्या. पेरांचे कंगोरे तासून घ्या, टोक गोल करा. कोरडी कामटी बेंडाशी मोडते, म्हणून रात्रभर पाण्यात भिजवून वापरा.

कामटी भरलेल्या चेंबरमधून नाही, पुढच्या रिकाम्या चेंबरमधून उलट दिशेने घालायची. तिथे अंगावर घाण येत नाही आणि अडथळ्यामागे साठलेलं पाणीच त्याला तुमच्याकडे लोटतं. मात्र फुटलं की ते जोरात येतं, म्हणून पाईपाच्या तोंडासमोर बसू नका, बाजूला बसा. काम सुरू करण्याआधी त्या चेंबरच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाला जुनी लोखंडी चाळणी किंवा जाळीचा तुकडा लावा. आलेला गाळ तिथेच अडेल आणि फावड्याने उचलता येईल. जाळी नसेल तर तो पुढच्या लाईनीत जाऊन बसतो.

मुळं असतील तर कामटीने वाट मोकळी होते, पण ती पुन्हा वाढतात. तो सांधा उघडून तिथे पीव्हीसीचा तुकडा टाकणं हाच खरा उपाय.

संत्र्याच्या फवारणीचा एचटीपी पंप नाली धुवायला काढण्याचा मोह होतो. काढू नका. त्याच्या नळीत कीटकनाशकाचा अंश असतो, तो परसातल्या अळूत, केळीत आणि कदाचित विहिरीत उतरतो. विहिरीच्या मोटरचा पाईप थेट नालीत खुपसून चालू करणंही धोक्याचं आहे: दुसरं तोंड उघडं असेल तर पाणी घरात उसळतं, आणि मोटर बंद झाल्यावर पाईपात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारा) नसेल तर नालीचं पाणी ओढलं जाऊन विहिरीत जाऊ शकतं.

कॉस्टिक आणि ॲसिड

कॉस्टिक सोड्याची पावडर केस आणि तेलावर काम करते. राख, माती, पुडी यांवर तिचा काही उपयोग नाही. पाणी पूर्ण उभं असेल तर ती खाली पोचतच नाही आणि वर फक्त जळजळीत पाणी साठून राहतं. म्हणून पाणी हळू जातंय अशाच ठिकाणी, पाकिटावर लिहिलेल्या मापाने, हातमोजे आणि चष्मा घालून वापरा. पावडर थंड पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. एकदम उकळून तोंडावर उडतं. ॲल्युमिनियमचं भांडं किंवा मग घेऊ नका, कॉस्टिक त्याला खातं. अंगावर उडालं तर 15-20 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. डोळ्यात गेलं तर तसंच धुऊन थेट दवाखान्यात जा.

कॉस्टिक टाकल्यावर त्या भोकावर पंप मारू नका आणि नंतर काम करायला येणाऱ्या माणसाला आत काय टाकलंय ते सांगा. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीत तो जीव घेऊ शकतो.

संडास

गावातल्या उतरत्या पॅनला 20 मिमीचाच पाणी-सील असतो, दीड-दोन लिटर पाण्यात तो साफ होतो. अडला तर झालरीचा पंप मारा. तो नसेल तर जाड दांड्याला पोत्याचा घट्ट गठ्ठा सुतळी आणि बायंडिंग तारेने आवळून बांधा, वरून प्लॅस्टिकची पिशवी चढवा आणि पंपासारखं वरखाली करा. गठ्ठा भोकापेक्षा मोठाच हवा, आत सटकला तर दुसरं संकट. लोखंडी सळईने ट्रॅप फुटतो.

दोन खड्ड्यांचा संडास असेल तर पंपाने न सुटल्यास मधलं वाय चेंबर, म्हणजे जिथून पाईप दोन खड्ड्यांकडे फुटतो ते, उघडून पाहा, बऱ्याचदा तिथेच कापड किंवा पिशवी अडकलेली असते. चेंबर साफ आहे आणि पाणी खड्ड्यातून परत येतंय, तर चालू खड्डा भरलाय. त्याचं तोंड विटेने आणि मातीने बंद करा, दुसऱ्याचं उघडा. भरलेला खड्डा दीड-दोन वर्षं तसाच राहू द्या.

सेप्टिक टाकी भरली असेल तर तिथे घरातल्या अवजाराचं काम संपतं. झाकणाशी वाकू नका, बिडी-काडी पेटवू नका, आणि कोणालाही आत उतरवू नका. आतला वायू दोन श्वासांत माणसाला पाडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. माणसाला संरक्षणाशिवाय टाकीत उतरवणं 2013च्या कायद्याने गुन्हा आहे. उपसा करणारा टँकरच बोलवा.

तेच तेच तुंबत असेल तर

काळ्या मातीतल्या लाईनीचं हे दुखणं वेगळं आहे. पावसात ही माती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि दरवर्षी पाईप थोडा वरखाली होतो. मध्ये पोट पडतं, तिथे पाणी उभं राहतं, गाळ बसतो, सांधाही उघडतो. पावसाळ्यातच तुंबत असेल आणि इतर वेळी ठीक असेल, तर शोषखड्ड्याभोवतीची माती पाणी घेत नाही एवढंच आहे. स्प्रिंग घालून काही होणार नाही, न्हाणी-सिंकचं ते पाणी परसबागेकडे वळवा. पण बाराही महिने एकाच अंतरावर अडत असेल तर तो तुकडा खोदा. पाईपाखाली चार इंच मुरूम किंवा रेती दाबून भरा, 10 फुटांमागे दोन ते अडीच इंच उतार ठेवा. गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी लावून दोन्ही टोकं मापून घ्या, नजरेवर जाऊ नका. आणि माती लोटण्याआधी वरून दोन बकेट पाणी सोडून सांधे कोरडे राहतात का, ते पाहा.